नॉर्वेला दत्तक गेलेला राजपुत्र

विमलकाकूंची नि माझी पहिली भेट अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बसमध्ये झाली. मी नुकताच इंजिनिअरिंग शिकायला आलो होतो आणि बाहेर बर्फ पडत होतं. माझं आडनाव ऐकताच त्यांनी माझ्या नागपूरच्या आत्याशी स्वतःचं नातं लावलं आणि उतरेपर्यंत मला जेवायला बोलावूनही टाकलं.

काकू विद्यापीठात डेन्मार्क-नॉर्वेच्या राजांचा इतिहास शिकवत. राजघराण्यांकडे त्या लग्नघरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या नजरेनं पाहत. ‘कझिन’ या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. म्हणायच्या, “कझिन म्हणजे कोण? मावसभाऊ की चुलतभाऊ? ते क्लिअर केल्याशिवाय गादी कुणाची ते कसं कळणार?” डॅनिश राजे आलटूनपालटून ख्रिस्तियन आणि फ्रेडरिक, याचं अमेरिकन विद्यार्थ्यांना नवल वाटे. काकूंना मुळीच नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं, त्यात काय विशेष?

त्यांचा खरा मोठेपणा कळला तो माझ्या लग्नाच्या वेळी. इन्ग्रिडशी माझं जमलं होतं, पण तिची नॉर्वेजियन आजी राजी नव्हती आणि आजीचं मन मोडून इन्ग्रिड लग्न करणार नव्हती. माझे आईवडील भारतात. तेव्हा वरपक्षाच्या म्हणून काकूच निघाल्या, ठेवणीतली साडी आणि खाली स्नो बूट अशा थाटात. आजींना खूश करायला त्यांनी डॅनिश राजांनी नॉर्वेवर किती शतकं राज्य केलं ते कौतुकानं सांगायला घेतलं. आजींनी पुढे केलेली केकची ताटली मागे घेतली.

माझा धीरच सुटला. काकूंनी शांतपणे चष्मा पुसला.

“पुढचं ऐका,” त्या म्हणाल्या. “स्वीडनपासून वेगळे झालात तेव्हा राजा म्हणून डेन्मार्कचाच राजपुत्र आणलात ना? त्यानं स्वतःचं नाव बदलून हाकोन केलं, मुलाचंही बदललं, आणि परकं सैन्य घुसलं तेव्हा नॉर्वेच्या मिठाला जागला. दत्तक मुलगा असा असतो. आमचा हाही तसाच आहे. याला पदरात घ्या.”

आजींनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग विचारलं, “हा नाव बदलेल का?”

“बदलेल,” काकूंनी सांगून टाकलं. मला कुणी विचारलंच नाही. ताटली परत आली, आणि तेव्हापासून सासरी मी हाकोन आहे.

काकूंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्तच्या या लेखासाठी आमचं नेमकं नातं काय, हे विचारायला मी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, “विमल नावाचं आपल्यात कुणीच नाही रे.” म्हणजे नॉर्वेच्या आधी, त्या बसमध्येच, मी दत्तक गेलो होतो. काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. जेवायला मी रविवारी येतोच आहे.