चाक बोलून राहिलं

"चूप राहा जरासक. चाक बोलून राहिलं."

एवढं म्हणून आमचा ड्रायव्हर डावा हात वर करायचा आणि जीपमधली सगळी माणसं गप्प व्हायची. डॉक्टरसाहेबांचं वाक्यसुद्धा अर्धवट राहायचं. सुखाचा जीव दुःखात घालणारा असा एखादा काळजीखोर माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या वाट्याला आलेला सरकारी दवाखान्याची जीप चालवायचा. आणीबाणी नुकतीच उठली होती. साकोलीपलीकडे, जंगलाच्या कडेच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते.

आधी तो ट्रकवर होता. एकदा उतारावर ट्रकचं पुढचं चाक निखळलं. "आपलंच चाक आपल्याले ओव्हरटेक करून गेलं, बाई," असं तो सांगायचा. आम्ही हसायचो, तो हसायचा नाही. ट्रक धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात उतरला म्हणून वाचला होता. तेव्हापासून गाडी काढण्याआधी तो प्रत्येक चाकाला हात लावून यायचा.

"झाली का प्रदक्षिणा?" मी चिडवायचे.

"झाली. बसा तुम्ही."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस सायकल दामटत आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून बाळंतपणात अडली होती. डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून आम्ही दोघंच निघालो. जीपला अजून पूजेचा झेंडूचा हार होता. गाव सुटलं नाही तोच त्याचा हात वर गेला. या वेळी मलाही ऐकू आलं. पुढच्या डाव्या चाकातून ठक्, ठक्.

तिच्या गावी पोचून त्या बाईला तपासलं तर मूल आडवं होतं. माझ्या हातचं काम नव्हतं, भंडाऱ्यालाच न्यायला हवं होतं. तिला जीपमध्ये निजवेपर्यंत यानं चाकाचे नट कसून घेतले. निघालो, तरी ठक्, ठक् होतंच.

"नट त कसले ना मी! मंग हे काय बोलते?"

हायवेवर वेग घेतल्यावर आवाज बंद झाला. माझ्या जिवात जीव आला, त्याचा मात्र चेहरा उतरला. "जोरात नेली का चूप, हळू केली का बोलते. त्या रोजीबी असंच होतं, बाई."

लाखनीच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. वेग कमी होताच आवाज परत आला. त्यानं जीप कडेला घेऊन बंद केली.

"काहून थांबवली रे बाप्पा!" म्हणत सोबत आलेल्या तिच्या सासूनं रडायला सुरुवात केली. मीही ओरडले, "अरे, पोरगी मरून राहिली इथं!"

"चाक निंगालं त सगळेच जाऊ," तो म्हणाला.

जॅक लावून त्यानं चाक हलवून पाहिलं. ते जराही खेळत नव्हतं. मग कान लावून ते हळूहळू फिरवलं. ठक्. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून चाकाच्या मधोमधची पत्र्याची टोपी उचकटली आणि आतून एक सुपारी रस्त्यावर पडली. हळदकुंकू लागलेली. वेगात ती टोपीच्या कडेला दाबून बसायची, हळू झालं की आपटायची.

"काल पूजेसाठी टोप्या घासायले काढल्या होत्या," तो पुटपुटला. "घरवालीनं ठेवली असन. चाक निंगू नये म्हणून."

हसावं की रडावं, मला कळेना. त्यानं सुपारी खिशात घातली आणि त्यानंतर जीप अशी पळवली की मीच देवाचं नाव घेत बसले.

भंडाऱ्याला त्या बाईला लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर सासूचं रडणं थांबेना. एकाएकी यानं हात वर केला. "चूप राहा जरासक." आणि दाराआडून बारीक ट्यांहा ऐकू आला. मायलेकरू दोघंही वाचली.

सुपारी मात्र त्याच्याच खिशात राहिली. "घरी सांगू नोका, बाई. तिले वाटते चाकातच हाय. तिच्या जिवाले तेवढाच आराम."

काही वर्षांनी तो काविळीनं गेला. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. तेरवीनंतर त्याची बायको दवाखान्यात आली. खाकी सदऱ्याच्या खिशात सापडलेली सुपारी तिनं पुढे केली.

"हे चाकात नव्हती, बाई?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माह्याच सुपारीनं त्याले भेव घातलं."

"पण फेकली नाही त्यानं," मी म्हटलं.

तिनं सुपारी माझ्या हातावर ठेवली. "राहू द्या तुमच्यापाशी. तुम्हाले फिरा लागते."

नवा ड्रायव्हर शीळ घालत गाडी चालवायचा. एकदा एका गावाशी जीप हळू झाली आणि नकळत माझा हात वर गेला. त्याची शीळ थांबली.

"काय झालं, सिस्टर? कायचा आवाज येऊन राहिला?"

पर्समधली सुपारी मी मुठीत धरली होती.

"काहीच नाही येऊन राहिला," मी म्हटलं.