मनगटावरची खूण
३१ डिसेंबर. फार्मासिस्ट नोंदणीचं नूतनीकरण आजच उरकायचं म्हणून झेरॉक्स काढल्या आणि त्या गरम कागदांच्या वासानं पावणे एमआयडीसीतली एक जुनी दुपार आठवली. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून कारखान्यांच्या गल्लीतल्या एका मेडिकलमध्ये गोळी घ्यायला शिरले. काउंटरमागच्या बाईच्या डोक्यामागे भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं. त्यावर नाव माझं, नोंदणी क्रमांक माझा आणि फोटो तिचा. तिनं कुणाला चुकीचं औषध दिलं असतं तर परवाना माझा गेला असता. "सर्टिफिकेट तुमचंच?" मी विचारलं. "मग काय शेजारणीचं?" ती म्हणाली, पण मी पर्समधून वही काढल्यावर मला इन्स्पेक्टर समजून सरळ उभी राहिली. वडिलांचं नाव विचारलं तर माझ्या वडिलांचं घडाघडा सांगितलं, जन्मगावही माझंच. बाहेरच्या प्रेस मशीनच्या ठोक्यांनी शोकेसच्या काचा थरथरत होत्या. "ओळखखूण?" तिनं कोटाची बाही वर सारली. फार्मसी कौन्सिलच्या नोंदणी अर्जात मी लिहिलेला भाजल्याचा डाग तिच्याही डाव्या मनगटावर, नेमका माझ्या डागाच्या जागी होता. कडा अजून ओल्या होत्या. "दुखतंय का?" माझ्या तोंडून निघालं. "आता नाही, मॅडम. बरोबर आहे ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौन्सिलमध्ये जाऊन तक्रार दिली. "जुने अर्ज स्कॅनिंगला बाहेर दिले होते, तिथून फुटले असतील," असं म्हणत कारकुनानं नवा फॉर्म पुढे सरकवला. त्यात ओळखखूण म्हणून मी मानेवरचा तीळ लिहिला. पुढच्या बाईला तो निदान काजळाचा लावता येईल.