टँकरचा दिवस सकाळी सहाला उगवतो

मित्रांनो, पाण्याच्या टँकरसाठी जे ॲप आहे, त्यातली मदतीची पानं मी लिहितो. ती कोण वाचतंय, असं ऑफिसात म्हणतात.

आज चाकूरजवळच्या आमच्या गावात टँकरवाला अडून बसला. "रात्री एकची खेप आजचीच. आजचं पाणी झालं."

सरपंचबाई म्हणाल्या, "न्हाई, ती कालची."

दोघांनी फोन काढले. त्यानं ॲपमधलं खेपांचं मदतीचं पान उघडलं, बाईंनी तक्रारींचं. दोन्हीकडं एकच वाक्य निघालं: दिवस म्हणजे सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा.

त्यानं पाइप सोडला. हे वाक्य सगळीकडं सारखंच राहावं म्हणून मी ऑफिसात लई भांडलो होतो.

आईनं हंडा भरता भरता विचारलं, "हे तू लिवलंस व्हय?"

"हाव," म्हणालो आणि दुसरा हंडा मीच उचलला.

तुम्ही काय काम करता, हे तुमच्या आईला कधी कळलं?