पेला हातात द्या

आईनं ओंजळ पुढे केली आणि मंडळीच्या पंचांनी पेला उंच धरून वरून द्राक्षरस ओतला. प्रभुभोजनाचा. तो तिच्या बोटांतून गळला, कोपरापर्यंत आला, पांढऱ्या पातळावर डाग पडले.

महाडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतली ही गोष्ट, साठ सालाच्या आसपासची. मी सतरा वर्षांची. नाते गावाजवळच्या वाडीतून आम्ही मायलेकी चालत यायचो. बाप्तिस्मा घेऊन महिनाही झाला नव्हता. घेतला तो माझ्या तापामुळे. मिशनच्या नर्सबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, कपाळावरून हात फिरवला होता. आई बघतच राहिली. म्हणाली, “ह्यांचा देव शिवतो गो.”

तिचं ते पहिलंच प्रभुभोजन. पेला हातात घ्यायचा, ओठाला लावायचा, हे पाळकांनी तिला नीट सांगितलं होतं. पण पेला धरणारे पंच खोताच्या घरातले. गावच्या विहिरीवर आई जन्मभर एकच शिकली होती. मोठ्या घरचं माणूस भांडं घेऊन आलं की वाकायचं, ओंजळ लावायची, ते वरून ओततील. महाडचं तळं केव्हाच सगळ्यांचं झालं होतं. आमची विहीर नव्हती झाली. तिचे हात आपोआप जुळले.

तिचं मी समजू शकते. पण पंच? आजोबांपासून ख्रिस्ती. तीन पिढ्या शास्त्र वाचणारं घर. “बाई, हातात धरा,” एवढं म्हणायला त्यांचं काय जात होतं? ते थांबलेसुद्धा नाहीत. हात सवयीनं वर गेला. चेहऱ्यावर राग नाही, किळस नाही. काही घडलंय असं त्यांना वाटलंच नाही. मला डसलं ते तेच.

मग माझी पाळी. पेला तसाच उंच. मी ओंजळ केली नाही.

“पेला हातात द्या.”

“आईनं घेतलं की. तशीच घे,” पंच हळूच म्हणाले.

“पेला हातात द्या.”

आईनं माझा पदर ओढला. “गप ऱ्हा गो. देवाच्या घरात तंटा नको.”

मी हात वर केले, दोन्ही हातांनी पेला धरला, खाली आणला आणि प्याले. आम्ही मायलेकी रांगेत शेवटी; माझ्यामागे फक्त पंचांची सून उभी होती, त्या दिवशी उशिरा आलेली. ती न पिताच जागेवर जाऊन बसली.

मला नर्सिंग शिकायचं होतं. मिशनच्या इस्पितळात जायला पाळकांची चिठ्ठी लागायची. पाळक मवाळ माणूस. म्हणाले, “पंचांची क्षमा माग, मी लगेच सही करतो. आज्ञापालन हा ख्रिस्ती माणसाचा पहिला गुण.”

“कुणाची आज्ञा? सगळ्यांनी एका पेल्यातून प्यावं, ही प्रभूची आज्ञा तुम्हीच वाचून दाखवलीत. मी ती पाळली.”

त्यांनी दौतीचं झाकण लावलं. “देव तुझी काळजी घेईल,” म्हणाले. चिठ्ठी दिली नाही.

मुंबईच्या गिरणीतला माझा काका बौद्ध झाला होता. मार्चात सत्याग्रहाच्या स्मरणदिनाला तळ्यावर आला तेव्हा घरी आला. सगळं ऐकून म्हणाला, “तिकडं पन जात हायच ना? मग खालीपिली कशाला ऱ्हातेस? चल आमच्यात.”

काका खोटं बोलत नव्हता. कित्येक दिवस जमीन सारवताना, लाकडं फोडताना मी देवाशी भांडत होते. तू काळजी घेतोस ना? मग माझी चिठ्ठी कुठाय? तो बोलला नाही. आजपर्यंत बोललेला नाही. पण चुलीपुढे बसल्याबसल्या नर्सबाईंचा तो हात आठवायचा. येशूनं खाली बसून शिष्यांचे पाय धुतले. कुणाला वरून ओतलं नाही. त्याला सोडायचं ते ह्यांच्यासाठी? जायचंच असेल तर पंचांनी जावं.

पुढच्या प्रभुभोजनाला मी आईला घेऊन रांगेत सगळ्यांच्या आधी उभी राहिले. आमच्यामागून अख्ख्या मंडळीला त्याच पेल्यातून प्यायचं होतं.

“मला नाय जमायचं गो,” आई कुजबुजली. तिचे हात पुन्हा जुळायला लागले होते. मी ते सोडवले, एक हात माझ्या हातात घट्ट धरला.

चिठ्ठी गेली ती गेली. देव पोटाला घालील ते खाईन, नाही घातलं तर त्यालाच जाब विचारीन. गुडघे त्याच्यापुढे टेकीन, मरेपर्यंत टेकीन. पण आमच्या घरातलं कुणी पुन्हा ओंजळ लावणार नाही.

पंच आले. पेला उंच होता. मागची रांग खोळंबली.

“आधी माझ्या आईला,” मी म्हणाले. “हातात द्या.”

आणि तिथून हलले नाही.