लंकाबाईची बाही

कराड-तासगाव गाडीवर पायल होवाळ कंडक्टर असली की सीटवर पाय घेऊन बसलेला गडी न सांगता पाय खाली सोडतो. बाई ओरडत नाही. नुसती जवळ येऊन उभी राहते आणि घंटीच्या दोरीला हात घालते. हात वर गेला की खाकी बाही खाली घसरते आणि मनगटाच्या वर गोंदलेला बुद्धाचा चेहरा दिसतो. मग कुणीतरी शहाणा हमखास बोलतोच, "कंडक्टरबाई, हे आता लेझरनं पुसून मिळतंय सांगलीत. सरकारी गाडीवर बरं दिसत न्हाई."

पायलचं उत्तर ठरलेलं. "ह्याच्यापायी लंकेच्या पोलिसांनी धरली, तवा पुसलं न्हाई. आता तुमच्यासाठी पुसू व्हय?"

गाडी हसते. तिच्या गावची, उंब्रजची माणसं जरा जास्तच हसतात, कारण गावात तिला नावच पडलंय लंकाबाई. हे नाव कुणी तिच्या आईसमोर, जाईबाईसमोर घेतलं तर मात्र त्याची धडगत नसायची. "माज्या पोरीला नाव हाय, आमी हौसेनं ठेवल्यालं," म्हणून ती जी सुरू व्हायची, की ऐकणारा चहा तसाच टाकून निघायचा.

तर ही भानगड पायल नववीत असतानाची. त्या वर्षी शाळेच्या अध्यक्षांनी गॅदरिंगला माइक हातात घेऊन सांगितलं, यंदाची सहल विमानानं, श्रीलंकेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. घरी पायलचे वडील नाथाजी म्हणाले, "पोरीच्या जातीला इमान कशाला? महाबळेश्वर बघ की." जाईबाई कधी नवऱ्याच्या पुढं बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. "आवं, तिथं अनुराधापूरचा बोधिवृक्ष हाय. अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं बुद्धगयेवरनं न्हेलेल्या फांदीचा. आपल्या घरातनं कुणीतरी जाऊ द्या की." नाथाजी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे परवानगी, हे दोघी मायलेकींना बरोबर ठाऊक होतं.

वस्तीतलं विहार तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं. फरशीला अजून सिमेंटचा वास येत होता. जाईबाईच्या मनात एकच होतं. त्या झाडाचं एक पान आणायचं, काचेत घालायचं आणि मूर्तीच्या खाली लावायचं.

"तोडायचं न्हाई बरं का," तिनं पायलला बजावलं. "पडल्यालं आण. आन् दुसऱ्या कुणाच्या हातानं न्हाई. तुज्या हातानं उचल."

पायलच्या हातावरचं गोंदणही आईसोबतचंच. दोघी नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या, तिथं रस्त्याकडेला गोंदणाऱ्यांची रांगच बसलेली. जाईबाईनं आधी आपला हात पुढं केला, मग पोरीचा. दोघींच्या हातांवर तोच चेहरा, तेच निळसर टिपके. पायल सगळा वेळ दातांखाली ओठ धरून बसली, पण रडली नाही. घरी येईस्तोवर हात सुजून टम्म झाला, तरी भेटेल त्याला दाखवत फिरली.

श्रीलंकेत पहिले काही दिवस समुद्र, हत्ती आणि ओकाऱ्या यांत गेले. अनुराधापूरला बस पोचली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पायलनं शाळेचं जॅकेट कमरेला बांधलं आणि पोरींच्या रांगेत उभी राहिली. दारात बायकांची तपासणी करायला एक वयस्कर पोलीसबाई होती. तिनं पायलचं मनगट धरलं आणि गोंदणाकडं बघतच राहिली.

पायलला वाटलं, बाईंना आवडलं! आपल्याकडं असंच होतं की. हातावर बुद्ध दिसला की ओळखपाळख नसलेला माणूसही "जय भीम, कुठल्या गं तुमी?" म्हणून जवळ येतो. ती खुदकन हसली आणि नीट दिसावं म्हणून हात आणखी पुढं केला.

पोलीसबाई हसली नाही. तिनं पायलला रांगेतून बाहेर काढलं आणि बाजूच्या चौकीत नेऊन बाकड्यावर बसवलं. बाकीच्या पोरी आत गेल्या. पायलला काही कळेना.

थोड्या वेळानं सहलीचे घोरपडे सर धावत आले. पोलीसबाईशी इंग्रजीत बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला. "अगं पायल, ह्यांच्याकडं बुद्धाचं चित्र अंगावर काढणं म्हणजे अपमान समजतात. गुन्हा होतो म्हणे! तुझ्यापायी सगळी सहल अडकायची आता."

"अपमान? सर, मी अपमान कशी करीन?"

"मला माहितीय गं बाई. पण आता डोकं चालव. म्हणावं, फॅशन म्हणून काढलं, चुकलं, घरी गेल्या गेल्या पुसून टाकते. एवढं बोलून मोकळी हो."

पायलनं हाताकडं पाहिलं. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता. "सर, त्यास्नी वाईट वाटलं आसंल तर मी पाया पडून माफी मागते. पर फॅशन म्हनून काढलं, असं खोटं बोलनार न्हाई. आन् पुसते तर आजाबात म्हननार न्हाई."

"हट्ट करायची ही वेळ आहे का गं?"

"हट्ट न्हाई सर. आईच्या हातावर बी हेच हाय. मग आईनं बी पुसायचं का?"

सरांनी कपाळाला हात लावला. पायल उठली. इंग्रजी तिला येत नव्हतं, तिथली भाषा तर दूरच. येत होतं ते एकच. तिनं हात जोडले आणि वस्तीतल्या विहारात दर रविवारी म्हणायची तसं पालीतलं त्रिसरण-पंचशील सुरू केलं, खड्या आवाजात. पोलीसबाईनं मान वर केली. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलायला लागले आणि शेवटी शेवटी तर दोघी एकाच सुरात म्हणत होत्या. घोरपडे सर आ वासून बघत राहिले.

म्हणून झाल्यावर पोलीसबाई शेजारी बसली. तिनं बाकड्याकडं, जमिनीकडं बोट केलं, डोक्याखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली, मोरीच्या दाराकडं बोट केलं आणि मग हळूच गोंदणाकडं. पायलला कळलं. हे अंग लोळतं, मळतं, कुठं कुठं जातं. तिथं तथागत कशाला, असं बाईंचं म्हणणं. वाईट नव्हतं ते. पण जाईबाईनं हात पुढं केला होता, तेही वाईट नव्हतं.

गुन्हाबिन्हा काही झाला नाही. पण आतही सोडलं नाही. बाईनं मान हलवली ती हलवलीच.

मैत्रीण रेश्मा परतताना मुठीत पान घेऊन आली. "घे गं, तुज्या आईसाठी आनलंय. कुनाला काय कळतंय?"

"मला कळतंय की," पायल म्हणाली, आणि तिनं ते घेतलं नाही.

उंब्रजला बस थांबली तेव्हा जाईबाई रस्त्यावर उभीच होती. पायलनं तिथंच सगळं सांगून टाकलं आणि मग जी रडली, ती घर येईस्तोवर. जाईबाई आपल्या हाताकडं बघत चालत होती. "मंजी म्या गेले आसते तर मला बी सोडलं नसतं," ती एवढंच म्हणाली.

"मी परत जानार, आई. तुला घिऊन जानार. बघशील तू."

त्या वयात पोरं असलं खूप काही बोलतात. पण ही बोलली ती धरूनच बसली. बारावी झाली, कंडक्टरची परीक्षा झाली, नाथाजी गेले, स्थळं आली. प्रत्येक स्थळाला तिनं आधी हात दाखवला आणि मग पोहे दिले. सोबतच्यांनी दिवाळीत सुट्ट्या घेतल्या, हिनं ड्युट्या केल्या आणि पैसे साठवले. आणि यंदा विहारातल्या मंडळींची श्रीलंकेची यात्रा ठरली, तेव्हा टेलरकडं जाऊन तिनं आईसाठी पांढरा ब्लाऊज आणि स्वतःसाठी पांढरा कुडता शिवून घेतला. बाह्या पार मनगटापर्यंत, वर बटण.

तेच दार, तशीच रांग. आता तपासणीला तरुण पोरगी होती. बटणं लावलेली, काही म्हणता काही दिसत नव्हतं. जाईबाई पुढं सरकली, तेवढ्यात पायल रांगेतून बाहेर आली आणि बटण काढायला लागली.

"आगं ए, काय करतीस? झाकलंय न्हवं? गप चल की आत!"

"त्या येळी मी चोर नव्हते, आई. आज लपून गेले तर चोर हुईन."

तिनं बाही वर केली, हात दाखवला. मग आपणच बाही खाली ओढली, बटण लावलं आणि हात जोडून उभी राहिली. हाकला, नाहीतर सोडा. इतक्या वर्षांनी इथवर येऊन पोरीनं घाण केली, असंच तिला वाटलं. पण पोरीला तिथं एकटी उभी बघवेना. तिनंही बटण काढलं. "माजं बी बघ, बाई."

पोलीस पोरगी एकदा हिच्या तोंडाकडं बघे, एकदा तिच्या. मागची रांग कुरकुरायला लागली. जाईबाईला एका हातानं बटण परत लावता येईना. पोलीस पोरीनं तिचं मनगट धरलं, बाही नीट ओढली, बटण स्वतः लावून दिलं आणि वाट सोडून बाजूला झाली.

आत वाळू होती, सावली होती. दोघी बसून राहिल्या. मंडळी पाया पडून निघाली, यात्रेचा माणूस हाका मारायला लागला, तरी पान काही पडेना. जाईबाई झाडाकडं टक लावून बसलेली. मग एक पडलं, अगदी तिच्या गुडघ्याजवळ. तिनं हात लावला नाही.

"उचल," ती म्हणाली. "तुला सांगितल्यालं काम हाय ते."

पायलनं ते उचललं आणि तिला हुंदका आवरेना. जाईबाईनं पायलच्याच बाहीनं तिचे डोळे पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "चल लंकाबाई. गाडी सुटंल."