चपलांच्या रांगेपाशी

माझे काका कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहतात. परवा रविवारी त्यांना भेटायला गेले, तर ते उपासनेला बसलेले. मी चर्चच्या पायरीवर वाट बघत थांबले.

बाहेर चपलांची रांग होती आणि तिच्याशेजारी रूथमावशी बसल्या होत्या. त्या तिथल्या जुन्या नर्स. एकेक चप्पल उचलायच्या, टाचेपासून अंगठ्यापर्यंत बोटांनी चाचपायच्या, झटकायच्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या.

"मावशी, आत नाही जात तुम्ही?"

"गाणं इथनंही ऐकू येतं की. आजार बरा झाला गं आतल्या सगळ्यांचा, पण पायांना काही लागलेलं कळत नाही. खडा असला तरी दिवसभर चालतात. मग जखम चिघळते, पाय जायची वेळ येते."

बोलता बोलता त्यांनी हात झटकला. बोटात बाभळीचा काटा होता. रक्त पदराला पुसत त्या चक्क खुश झाल्या. "सापडला बघ! तुझ्या काकांच्याच चपलेत."

माझं बोट कापलं की शेजारपाजारी कळतं. दुसऱ्याला कळत नसलेलं दुखणं ही बाई आधीच आपल्या हातावर घेत होती, तेही दर रविवारी, प्रार्थना चालू असताना.

उपासना संपली. माणसं गप्पा मारत बाहेर आली. काकांनीही चपलांत पाय सरकवले आणि काठी टेकत निघाले. काटा टोचला असता तरी त्यांना कळलं नसतं. तो टोचला नाही, हेही कळलं नाही.