पान काठाला का फिरतं

कुंभकोणमच्या सुब्बलक्ष्मीबाईंच्या घरी पिढ्यान् पिढ्या एक रीत होती. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. जो मराठी बोलत आला तो घरातला, त्याच्यापासून काही झाकायचं नाही. त्या रीतीनंच बाईंचा घात केला.

बाई शाळेत बारावीला फिजिक्स शिकवायच्या. गावातल्या एका खासगी कॉलेजात बीएस्सीला शिकवायची जागा निघाली. आयुष्यभर मनात धरलेली गोष्ट, म्हणून पन्नाशीला टेकलेल्या बाईंनी पुन्हा व्हेक्टर कॅल्क्युलस उघडलं. सगळं जमलं, पण कर्ल, म्हणजे प्रवाह एखाद्या जागी किती फिरवतो त्याचं माप, काही केल्या गळी उतरेना. सूत्र पाठ होतं. पोरांना समजवायचं कसं?

एका सकाळी व्यंकोबापुढचं विड्याचं पान त्यांनी अरसलार नदीच्या पाण्यात सोडलं. पान काठाकाठानं सरळ निघालं, आणि जाता जाता स्वतःभोवती फिरू लागलं. बाई घाटाच्या पायरीवर बसूनच राहिल्या. पानाची एक कड संथ पाण्यात, दुसरी ओढीत, म्हणून फिरतंय! मधल्या धारेत दुसरं टाकलं, तर ते मुकाट वाहत गेलं.

"देवा, तूच शिकवलंस," त्या पुटपुटल्या.

शेजारचा कृष्णकुमार त्यांच्याच शाळेत मास्तर होता. तो रोज कॉफीला यायचा, मराठीतच बोलायचा.

"अक्का, ते कर्ल मजही सांग की."

"तूंही अर्ज केलास काय रे?"

"मज कोण विचारतंय? शाळेतल्या पोरांसाठी शिकतों, बस्स."

बाई त्याला घाटावर घेऊन गेल्या. पान कुठं सोडायचं, देठावर नजर कशी ठेवायची, सगळं दाखवलं.

कॉलेजात पोरांपुढे नमुन्याचा पाठ घ्यायचा होता. बाई रुमालात ओलं पान गुंडाळून दाराबाहेर बसल्या होत्या. आतून ओळखीचा आवाज आला, तमिळमध्ये.

"समजा, नदीच्या काठाला एक विड्याचं पान सोडलं..."

आतले परीक्षक खूश होऊन हसले. कृष्णकुमार बाहेर आला तो खाली मान घालून, पलीकडच्या जिन्यानं गेला.

बाईंनी रुमाल सोडला तेव्हा परीक्षक म्हणाले, "पान आत्ताच झालं, बाई. तुमचं स्वतःचं काही दाखवा ना."

त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. ते बरोबर होतं. समोरची पोरं खिडकीबाहेर बघत होती.

जागा कृष्णकुमारला मिळाली. पेढे घेऊन तो दारात आला, एक चप्पल काढली.

"अक्का, रागावलीस की? तूंच शिकवलंस म्हणून तर झालं."

बाईंनी देवघरातली वात सारखी केली. मग वळल्या, आणि बाहेरच्या माणसाशी बोलतात तशा, स्वच्छ तमिळमध्ये म्हणाल्या, "या सर. बसा. कॉफी घेणार ना?"

तो उंबऱ्यापाशीच थबकला. डबा ओट्यावर ठेवला, आणि काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.